सलीम अलींच्या नावाचं वटवाघूळ २४ वर्षं चुकीच्या लेबलखाली का पडून होतं?

गेल्या उन्हाळ्यात मी फोनमध्ये एक फुकट ॲप टाकलं. वटवाघळांचा आवाज पकडून स्क्रीनवर दाखवतो, असा त्याचा दावा होता. नांदेडहून कंधारला गेलो आणि दिवेलागणीला किल्ल्याच्या खंदकाकाठी उभा राहिलो. डोक्यावरून एकामागून एक वटवाघळं जात होती. स्क्रीनवरची रेघ मात्र सरळच्या सरळ. पंधरा मिनिटं थांबलो, ॲपचा निकाल तोच: इथे काहीच नाही.

चिडून मी ते ॲप काढून टाकलं. पण डोळ्यांना दिसतंय आणि मशीनला ऐकू येत नाही, हे डोक्यातून जाईना. म्हणून वटवाघळांची गणती नेमकी करतात कशी, हे शोधायला लागलो. शोधता शोधता ज्या माणसापाशी पोचलो, तो वटवाघळांचा नव्हताच. तो होता पक्ष्यांचा: डॉ. सलीम अली.

शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव आपण सगळ्यांनी वाचलंय. दाढी, गळ्यात दुर्बीण, हातात वही. पण भारतातल्या एका अतिदुर्मिळ वटवाघळाला त्यांचं नाव आहे, आणि ते वटवाघूळ २४ वर्षं भलत्याच नावाने कपाटात पडून होतं, हे मला माहीत नव्हतं. आज त्यांची गोष्ट सांगतो. त्यातच माझ्या फोनच्या सरळ रेघेचं उत्तर आहे.

एअरगन आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवलं.

लहानपणी हातात एअरगन आली आणि चिमण्या टिपायचा नाद लागला. एक दिवस पडलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना. गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता, हे घरात कुणालाच सांगता येईना. मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, आणि पुढे जाऊन पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच त्या मुलासमोर उघडले. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख.

एखादी वस्तू नुसती हातात असणं वेगळं आणि तिचं नाव माहीत असणं वेगळं, हा धडा त्या मुलाला तिथे मिळाला. तो लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी लागणार आहे.

डिग्री नाही, नोकरीही गेली

पुढचा प्रवास सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. धंदा सांभाळण्यापेक्षा रानात फिरणंच जास्त झालं. परत आल्यावर १९१८ मध्ये तहमीना बेगम यांच्याशी लग्न झालं. विद्यापीठाची डिग्री नसल्यामुळे पक्षीतज्ज्ञाची सरकारी नोकरी मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) गाइड लेक्चरर म्हणून ते लागले. दोन वर्षांनी रजा घेऊन बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येतात तर काय, पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

मग ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची घरटी होती. तिथे शिडीवर आडोसा करून ते रोज तासन्‌तास बसायचे आणि वहीत नोंदी करायचे. त्यातून कळलं की नर घरटं अर्धं बांधतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर त्यात राहते, आणि नर लगेच दुसरं घरटं बांधायला घेतो. मारलेला पक्षी टेबलावर कितीही न्याहाळला असता तरी ही गोष्ट कळली नसती. त्यासाठी जिवंत पक्ष्यासमोर बसणं हीच पद्धत लागत होती.

बंदुकीने हातात पक्षी येतो, पण त्याचं वागणं कळत नाही. दुर्बिणीने वागणं कळतं, पण दोन जवळजवळ सारख्या जातींतला बारीक फरक सुटू शकतो. सलीम अलींनी दोन्ही वापरलं. कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत, हे त्यांना कळत होतं.

निजामाचं राज्य, म्हणजे आपला मराठवाडा

नोकरी नव्हती, म्हणून त्यांनी एक वेगळीच युक्ती काढली. ज्या संस्थानांतल्या पक्ष्यांची नीट पाहणी झालेली नाही, त्यांना त्यांनी कळवलं की मी पगार घेणार नाही, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा द्या. पहिली मोठी पाहणी झाली हैदराबाद संस्थानात, १९३१-३२ मध्ये. तेव्हा आपला सगळा मराठवाडा त्याच संस्थानात होता. नांदेड हा निजामाचा जिल्हा होता, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. (लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये.)

तहमीनाबाई बऱ्याच वेळा बरोबर असायच्या. तंबू, बैलगाडी, नमुने आणि वह्या असा संसार. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. त्यानंतर सलीम अलींनी लग्न केलं नाही, उरलेलं आयुष्य पक्ष्यांना दिलं.

आता गंमत बघा. ते निजामाच्या राज्यात फिरत होते, तेव्हा वटवाघूळ अंधारात रस्ता कसा शोधतं हे जगात कुणालाच नीट माहीत नव्हतं. इटलीच्या स्पालान्झानी यांनी १७९० च्या दशकात प्रयोग करून दाखवलं होतं, की वटवाघूळ आंधळं केलं तरी नीट उडतं, पण कान बंद केले की धडकतं. कारण मात्र सापडलं नव्हतं. १९३८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने आपली वटवाघळं पिअर्स नावाच्या प्राध्यापकांच्या यंत्रासमोर नेली. माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज ओळखणारं ते यंत्र होतं. जी वटवाघळं गप्प वाटत होती, ती प्रत्यक्षात सारखी ओरडत होती.

१९४८: एक वटवाघूळ, चुकीची चिठ्ठी

१९४८ मध्ये इकडे हैदराबाद संस्थान भारतात सामील होत होतं. त्याच वर्षी तिकडे तमिळनाडूच्या मेघमलाई डोंगरात अँगस हटन नावाच्या चहामळेवाल्याने एक फळखाऊ वटवाघूळ पकडलं. हटन यांना निसर्गाची आवड होती, म्हणून त्यांनी तो नमुना मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवला. तिथे तो आखूड नाकाच्या फळखाऊ वटवाघळाचा समजला गेला. ही जात भारतात भरपूर आहे. चिठ्ठी लागली, कप्पा बंद झाला.

त्या काळात सलीम अली या संस्थेचे प्राण होते. स्वातंत्र्यानंतर संस्था पैशाअभावी बंद पडायची वेळ आली, तेव्हा थेट पंडित नेहरूंकडे मदत मागून त्यांनी ती वाचवली. तो नमुना तिथे सुरक्षित राहिला, यात त्या धडपडीचाही वाटा आहे.

१९७२ मध्ये कित्ती थोंगलोंग्या या थायलंडच्या शास्त्रज्ञाने ते वटवाघूळ जगासमोर आणलं, नव्या नावाने. त्यांनी नमुना पुन्हा नीट पाहिला तेव्हा लक्षात आलं, की आखूड नाकाच्या वटवाघळाला छोटी शेपटी असते, याला बाहेर दिसणारी शेपटीच नाही. दातही वेगळे. ही नुसती नवी जात नव्हती, अख्खी प्रजाती नवी होती. रुंद दात म्हणून प्रजातीचं नाव ठेवलं लॅटिडेन्स, आणि जातीला नाव दिलं सलीम अलींचं: लॅटिडेन्स सलीमअलाय.

म्हणजे नमुना २४ वर्षं तिथेच होता, कमी होती ती दुसऱ्यांदा पाहण्याची. पुढे १९९३ मध्ये मेघमलाईतच ते पुन्हा जिवंत सापडलं.

नाव नसतं तर काय झालं असतं?

मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. ज्या १९७२ मध्ये या वटवाघळाला नाव मिळालं, त्याच वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या कायद्यात फळखाऊ वटवाघळं सरसकट उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, कावळे आणि उंदरांच्या शेजारी. म्हणजे कायद्याचं संरक्षण शून्य. नंतर सलीम अलींच्या वटवाघळाला तिथून काढून सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं गेलं.

विचार करा, ती जुनी चिठ्ठी तशीच राहिली असती तर? हा प्राणी कागदोपत्री एक नेहमीचं वटवाघूळच राहिला असता, आणि नेहमीचं फळखाऊ वटवाघूळ म्हणजे उपद्रवी. यादीत जे नाही, ते वाचवायचं आहे हे कुणाला कळणार? उपद्रवी प्राण्यांची ती वेगळी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीत काढून टाकली गेली. म्हणजे पन्नास वर्षं गेली.

आता तंत्राकडे: तीन पद्धती, तीन आंधळ्या जागा

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. नांदेड-लातूरसारख्या भागात त्यांची यादी करायची तर एक पद्धत पुरत नाही. प्रत्येक पद्धतीला काहीतरी दिसत नाही, ते असं:

१. मुक्काम शोधणं. दिवसा वटवाघळं जिथे झोपतात तिथे जायचं: कंधार, औसा, उदगीर, माहूरसारखे किल्ले, खरोशासारखी लेणी, जुनी देवळं, पडके वाडे, विहिरी, आणि वड-पिंपळ-चिंचेची मोठी झाडं. संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजायची. मोठ्या थव्याने राहणाऱ्या जातींसाठी ही पद्धत उत्तम. पण झाडाच्या ढोलीत, सालीखाली, पानांआड एकेकट्याने लपणारी वटवाघळं यात निसटतात.

२. मिस्ट नेट. केसासारख्या बारीक धाग्याचं काळं जाळं. दोन काठ्यांमध्ये, पाण्याजवळ किंवा झाडांमधल्या वाटेवर लावतात. सापडलेल्या वटवाघळाचं वजन, हाताच्या पुढच्या भागाची लांबी, कान, दात, नर की मादी, हे सगळं मोजून त्याला सोडून देतात. अशी जाळी सलीम अलींच्या कामातही होती. कर्नाटकात १९५७ मध्ये क्यासनूर जंगलातला ताप आढळला, तेव्हा त्याचा विषाणू स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर आला का, असा प्रश्न पडला. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मोठा प्रकल्प उभा राहिला: पक्षी जाळ्यात पकडायचे, पायात कडी घालायची, सोडून द्यायचं. प्रकल्पाचं नेतृत्व साठी ओलांडलेल्या सलीम अलींकडे होतं.

जाळ्याची मर्यादा काय? उंचावरून उडणारी वटवाघळं जाळ्याच्या वरून जातात. कीटक खाणारी काही चतुर वटवाघळं आपल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून जाळं ओळखतात आणि वळसा घालतात.

३. बॅट डिटेक्टर. हा खास मायक्रोफोन माणसाला न ऐकू येणारा आवाज पकडतो. ऑडिओमॉथसारखं छोटं यंत्र झाडाला बांधून ठेवलं की रात्रभर रेकॉर्डिंग होतं. जाळ्यावरून उंच जाणारी वटवाघळं इथे सापडतात. पण वडाच्या झाडावर उलटी लटकणारी ती मोठी फळखाऊ वटवाघळं प्रतिध्वनी वापरतच नाहीत. मोठे डोळे आणि नाक यांवर त्यांचं काम चालतं. झाडावरचा त्यांचा जो कलकलाट आपण ऐकतो, तो आपापसातल्या भांडणाचा. शिवाय काही जाती इतक्या हळू कुजबुजतात की अगदी जवळ आल्याशिवाय मायक्रोफोनला त्यांचा पत्ता लागत नाही.

आता या तिन्ही एकत्र करा. मायक्रोफोनला निसटणारं मोठं फळखाऊ वटवाघूळ झाडावर मोजता येतं, जाळ्याला निसटलेलं उंच उडणारं वटवाघूळ मायक्रोफोनला मिळतं, आणि कुजबुजणारं जाळ्यात सापडू शकतं.

फायदा बेरजेपुरता नाही. जाळ्यात आलेलं वटवाघूळ सोडताना त्याचा आवाज रेकॉर्ड करतात. नाव आणि आवाज एकत्र नोंदले जातात, आणि पुढे नुसत्या आवाजावरून जात ओळखायला मदत होते. मिलार्डच्या कप्प्यातली पायाची चिठ्ठीच समजा, फक्त आता ती आवाजाला लावलेली.

यादी पूर्ण झाली हे कसं कळतं? समजा पहिल्या रात्री चार जाती मिळाल्या, दुसऱ्या रात्री दोन नव्या, तिसऱ्या रात्री एक नवी. आलेख हळूहळू सपाट होत जातो. बऱ्याच रात्री नवीन काहीच मिळालं नाही, की त्या पद्धतीला जे सापडायचं ते बहुतेक सापडलं. पण नीट लक्ष द्या: फक्त त्या पद्धतीला. पद्धत बदलली की सपाट झालेला आलेख पुन्हा वर जाऊ शकतो. म्हणून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं ऋतूही बदलून बघावं लागतं.

मग माझ्या फोनचं काय चुकलं?

साधं गणित आहे. फोन आवाज रेकॉर्ड करतो तेव्हा सहसा सेकंदाला ४८,००० वेळा त्याचं माप घेतो. नियम असा, की जितक्या वेळा माप घ्याल त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज पकडता येतो. म्हणजे फार तर २४ किलोहर्ट्झ. माणसाचा कान २० पर्यंत ऐकतो, म्हणून आपल्या गाण्यांना आणि कॉलला एवढं भरपूर झालं. पण प्रतिध्वनीवर चालणाऱ्या बहुतेक वटवाघळांचा आवाज २० ते १०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून वर असतो. त्यातला बहुतेक आवाज माझ्या फोनला ऐकू येणं शक्यच नव्हतं. ॲप कोणतंही टाका, मायक्रोफोन तोच.

यावर उपाय आहे. फोनच्या यूएसबी पोर्टला लागणारे अल्ट्रासॉनिक मायक्रोफोन मिळतात. ते सेकंदाला २ लाख ५६ हजार किंवा ३ लाख ८४ हजार वेळा माप घेतात. मग फोनचं काम फक्त स्क्रीन आणि स्टोरेजचं उरतं. असा मायक्रोफोन असता तरी मोठ्या फळखाऊ वटवाघळांपुढे माझी रेघ सरळच राहिली असती, हेही आता मला कळतंय.

आपण काय करू शकतो?

जाळं लावायचं काम आपलं नाही. त्याला वन विभागाची परवानगी लागते आणि प्रशिक्षणही. वटवाघळाला हात लावू नका, रेबीजसारखे आजार पसरू शकतात. गुहेत किंवा भुयारात घुसून टॉर्च मारू नका, फ्लॅश तर नकोच. झोपलेली वटवाघळं दचकून उडाली की पिल्लं खाली पडतात.

मुक्काम शोधण्याची पहिली पद्धत मात्र आपल्या हातातली आहे. गावातल्या कुठल्या वडावर मोठी वटवाघळं लटकतात? साधारण किती? कोणत्या महिन्यात? लांबून फोटो, तारीख, ठिकाण, एवढी नोंद दर महिन्याला ठेवा. रस्ता रुंद करताना झाड जातं, किल्ल्याची डागडुजी होताना भगदाड बुजतं. तिथे आधी काय होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नसेल तर काय गेलं हेही कळणार नाही. फळखाऊ वटवाघळं वड-उंबराच्या बिया लांबवर नेऊन टाकतात, कीटक खाणारी वटवाघळं रात्री पिकावरच्या किड्यांचे पतंग खातात. आपल्या शेताशी त्यांचा थेट संबंध आहे.

सलीम अलींनी शेवटपर्यंत नोंदी थांबवल्या नाहीत. १९५० मध्ये चोपन्नाव्या वर्षी स्वीडनच्या पक्षी परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम मोटरसायकल जहाजावर चढवून युरोपात नेली. १९६८ ते १९७४ मध्ये डिलन रिप्लींबरोबर भारतीय पक्ष्यांवर दहा खंड काढले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ ला, नव्वद वर्षांचे असताना, ते गेले.

मी ते ॲप पुन्हा टाकलेलं नाही. त्याऐवजी फोनच्या नोट्समध्ये एक फाइल उघडलीये: कंधार, तारीख, वेळ, बाहेर पडलेली वटवाघळं, आणि कुठल्या दिशेला गेली. फाइलच्या सुरुवातीला एक ओळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहे: पद्धत कोणती होती. पुढे कुणी चांगला मायक्रोफोन घेऊन तिथे उभं राहिलं, तर माझ्या नजरेतून काय निसटलं होतं हे त्याला त्यावरून कळेल.